सुईची चिठ्ठी

प्लेगच्या सुईची सक्ती नाही, हे वाक्य मी त्या हिवाळ्यात अमडापूरला इतक्या वेळा म्हटलं की शेवटी ते मलाच खरं वाटायला लागलं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. हुकूम नागपूरला निघायचा, बुलढाण्याला थांबायचा, चिखलीला त्याची नक्कल व्हायची आणि ती नक्कल घेऊन मी, तहशिलीतला सगळ्यात नवा कारकून, बैलगाडीतून डॉक्टरांच्या मागे हिंडायचो. सुई घ्यायची की नाही ही ज्याची त्याची मर्जी, असं हुकमाच्या पहिल्या कलमात होतं. दुसऱ्या कलमात असं होतं की सुई घेतल्याची चिठ्ठी नसेल त्याला बाजारात बसता येणार नाही आणि परगावी जाता येणार नाही. पहिलं कलम मी मोठ्यानं वाचायचो आणि दुसरं जरा भरभर.

गावात उंदीर मरून पडले तेव्हाच लोक शेतांत झोपड्या घालून राहायला गेले होते. बाजारही माळावर हलवला होता. त्याच्याभोवती दोरी बांधलेली होती, आणि कोतवाल दोरीपाशी उभा राहून चिठ्ठ्या पाहायचा. त्याला वाचता येत नव्हतं, पण डॉक्टरांची सही तो ओळखायचा. सुई टोचण्याचं काम गावाबाहेरच्या शाळेत चालायचं. डॉक्टर आणि कंपाउंडर टोचायचे, मी नाव, वय, गाव लिहून चिठ्ठी द्यायचो. डॉक्टर सकाळीच कोऱ्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर सह्या करून ठेवत, कारण माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

त्या विश्वासाचं मी काय केलं ते आधीच सांगून टाकतो. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांसमोर स्वतः सुई घेतली, कंपाउंडरला दिली, आणि मला म्हणाले, "तुम्ही दुपारी घेऊन टाका." दुपारी मी कंपाउंडरला सांगितलं की डॉक्टर देणार आहेत. संध्याकाळी डॉक्टरांना सांगितलं की कंपाउंडरनं दिली. मग चांगल्या वळणदार अक्षरात मी माझी चिठ्ठी लिहिली आणि खिशात ठेवली. मी भ्यालो होतो, दुसरं काही नाही. माझं लग्न नुकतंच झालं होतं, बायको देऊळगाव राजाला होती, आणि सुई घेतली की माणसाला मूलबाळ होत नाही अशी आवई साऱ्या तालुक्यात उठलेली होती. ती आवई घेऊन येणाऱ्यांना मी दिवसभर हसायचो. शिकलासवरला होतो म्हणून भीती फक्त लपवता येत होती.

त्या पहिल्याच दिवशी सुई घेणाऱ्यांत एक मनियारीण होती. मनियार म्हणजे बांगड्या विकणारे. ही पन्नाशीची विधवा होती, गाव तिला चाची म्हणायचं. लगीनसराईत घरोघर जाऊन नवरीला चुडा भरणं हे तिचं काम, आणि बाजार करणं तिच्या एकुलत्या एका मुलाचं. तिनं न बोलता डावा हात पुढे केला, चिठ्ठी घेतली आणि पदराला बांधली. मी मनात म्हटलं, सगळे असे असते तर आठवड्यात घरी गेलो असतो.

दहाबारा दिवसांनी ती पुन्हा आली, या वेळी उजवा हात पुढे करून.

"चाची, तुमची झाली ना?"

"माही झाली. ही पोराची. सुई माह्या हाताले द्या अन् चिठ्ठी त्याच्या नावाची लिहा."

मला हसू आलं. ती हसली नाही.

"पोरगं बिमार पडलं तं मन्नत माय मांगते. त्याच्यासाठी अनवाणी माय जाते, उपास माय करते. ते त्याले लागू पडते का नाही? मंग सुईच काऊन नाही लागत?"

"सुई तशी नसते, चाची."

"तुमाले सुई टोचासाठी हात पायजे. हा घ्या हात. हा त्याच्यापेक्षा मजबूत हाय."

ती काही भोळसट नव्हती. मुलगा दाराबाहेरच उभा होता, चांगला दांडगा बावीस-तेवीस वर्षांचा, आणि त्याची कथा मला नंतर कंपाउंडरकडून कळली. आदल्या वर्षी त्याच्या बापानं चिखलीला सुई घेतली आणि तिसऱ्या दिवशी तो प्लेगनं गेला. डॉक्टरांचं म्हणणं, रोग आधीच अंगात शिरलेला असणार, सुईला उशीर झाला. मुलाचं म्हणणं, सुईनंच मारलं. चाचीला दोन्ही पटत होतं, म्हणून पहिली सुई तिनं स्वतः घेऊन पाहिली होती. तिला तीन दिवस ताप आला, पण ती जगली. तरीही पोराच्या बाबतीत तिचा धीर होत नव्हता. आणि चिठ्ठीवाचून त्याचा बाजार बंद, झोपडीत बांगड्यांच्या पेट्या तशाच पडलेल्या, आणि लग्नाचे मुहूर्त चाललेले.

मुलगा आत आला तो भांडायलाच. "मर्जी हाय म्हनता न बाबू? मंग माह्यी मर्जी नाही. बाजार काऊन बंद करून राह्यले?"

डॉक्टर हातातलं काम न थांबवता म्हणाले, "तुझा हात तुझा आहे. बाजार सगळ्यांचा आहे."

वाक्य मला फारच आवडलं. पुढं कित्येक ठिकाणी मी ते माझंच असल्यासारखं वापरलं. पण मुलाला ते आवडलं नाही. तो डॉक्टरांकडे पाठ करून माझ्या टेबलाशी आला.

"डाक्टर तं म्हननच. त्याइचा धंदाच हाय. तुमी सांगा बाबू. तुमी घेतली?"

"घेतली की, पहिल्याच दिवशी." मी खिशातली चिठ्ठी काढून दाखवली.

"काय झालं मंग?"

इथं मला गप्प बसता आलं असतं. पण इतक्या दिवसांत शेकडो लोकांची रडगाणी ऐकून ती मला पाठ झाली होती, आणि डॉक्टर ऐकत होते. मी छातीठोकपणे सांगायला लागलो. पहिल्या संध्याकाळी हात जड झाला. मग थंडी वाजून आली. काखेत दुखायला लागलं. दोन दिवस सदरा घालताना हात वर जाईना, नव्या कारभारणीची आठवण आली, आणि चौथ्या दिवशी सगळं ठीक. कारभारणीचं मी चांगलं रंगवून सांगितलं, त्यावर रांगेतले लोक हसले. मुलगाही थोडा हसला. नाकानं कांदे सोलावेत तर असे!

त्यानं आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. मग चाचीनं मुलाला धरून बाकावर बसवलं. नवरीला चुडा भरताना तिचा पंजा दाबून दाबून मऊ करतात, तसा तिनं त्याचा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरून दाबायला सुरुवात केली. "इकडं नोको पाहू," एवढंच म्हणाली. सुई गेली तेव्हा त्यानं डोळे मिटले होते. मी त्याच्या नावाची चिठ्ठी लिहिली. अक्षर नेहमीसारखं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडर सहज बोलून गेला की मनियाराच्या पोराला फार ताप आहे. लोकांना ताप यायचाच, त्यात नवीन काही नव्हतं. पण बाकीचे डॉक्टरांच्या शब्दावर बसले होते, हा माझ्या शब्दावर बसला होता. त्या दिवशी मी रांगेतल्या तिघांची वयं चुकीची लिहिली. बापासारखंच याचंही झालं तर त्या बाईला तोंड कसं दाखवायचं, याखेरीज मला काही सुचत नव्हतं. प्लेग, सरकार, बाजार, साऱ्यांचा विचार माझ्या डोक्यातून गेला आणि एक झोपडी तेवढी राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिकडे गेलो. ज्वारी कापून नेलेल्या शेतात, धसकटांमधून वाट काढत. चाची झोपडीबाहेर चुलीपाशी भाकरी थापत होती.

"कसा आहे?"

"उतरला ताप. पहाटीपासून झोपला हाय. आता उठून भाकर मांगन."

मला इतकं हायसं वाटलं की मी तिथंच बांधावर बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मी सांगितलंच होतं, चार दिवसांत सगळं ठीक होतं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"बाबू, तुमी सुई घेतलीच नाही."

माझा हात खिशातल्या चिठ्ठीकडे गेला.

"ज्या दिशी माह्यी झाली, त्याच दिशी तुमची झाली म्हनता. दुसऱ्या दिशी मी तापात हुती, तरी शाळेवरून गेली. तुमी दवाईची पेटी डोक्यावरून गाडीत चढवून राह्यले हुते, दोन्ही हातानं. मले तं लुगड्याचा पदर डोक्यावर घेता येत नव्हता." मग म्हणाली, "जिंदगीभर मानसाईचे हातच पाह्यले मी. दुखता हात मले समजत नाही का?"

"मग परवा बोलला का नाहीत? त्यानं तुमच्याकडे पाहिलं होतं."

"पाह्यलं हुतं. मी नुसती मान हालवली असती तं तो उठून गेला असता." तिनं भाकरी चुलीच्या तोंडाशी उभी लावली. "तुमचं खोटं माह्या कामाचं हुतं."

हे ती रागानं म्हणाली नाही. राग असता तर मला सोसला असता. मला लाज वाटली, आणि ती लाज आज इतक्या वर्षांनीही, हे लिहिताना, जशीच्या तशी वाटते.

"आता माह्यं काम झालं," ती म्हणाली. "तुमच्या घरवालीच्या ते खोटं काही कामाचं नाही. नवीन चुडा असन तिच्या हातात."

मी उठलो. वाटेत मुलाचा आवाज ऐकू आला, तो आईला भाकरी मागत होता.

शाळेच्या पडवीत तोवर बरीच रांग लागली होती. मला पाहून दोघातिघांनी रामराम केला, एकजण शेजाऱ्याला सांगत होता की याच बाबूनं स्वतः घेतली आहे, ताप येतो पण जातो. मी त्यांच्यामधून आत गेलो, डॉक्टरांसमोरच्या बाकावर बसलो, सदऱ्याची बाही वर केली आणि काय केलं होतं ते सगळं सांगितलं. मला वाटलं, ते मला तिथल्या तिथं हाकलतील. मग मला असंही वाटलं की ते मला रांगेच्या शेवटी उभं करतील, सगळ्यांदेखत, आणि तेच योग्य होईल.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, बाहेरच्या रांगेकडे पाहिलं. मग ते उठले, त्यांनी दार आतून लावून घेतलं, सुई भरून माझा दंड धरला, आणि हळूच म्हणाले, "ओरडू नका. बाहेर ऐकू जाईल."