दोनदा लावलेला फोन

आमच्या शेठजींनी समुद्र पाहिला होता तो चौपाटीवर भेळ खाताना. मी तेवढाही पाहिला नव्हता. तरी जळगावच्या आमच्या चटयांच्या कारखान्याचं नाव एका मुलीच्या शिडावर झळकलं. ती एकटीने महासागर ओलांडायच्या शर्यतीत उतरली होती, आणि प्रसिद्धीचा माणूस म्हणून तिच्याशी सॅटेलाइट फोनवर बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मुलगी साक्रीकडची, नौदलातून आलेली.

निघण्याआधी तिने एकच गोष्ट मागितली. "भाऊ, फोन आत केबिनमध्ये असतो. वारा असला तर मी तो उचलणार नाही. पण आईचं काही बरंवाईट झालं, तर लागोपाठ दोनदा करा. मग हातातलं टाकून येईन." मी शब्द दिला. शब्द देताना आपण फार भले आहोत असं वाटतं. मलाही वाटलं.

डीलर मेळाव्याच्या सकाळी तिचा निरोप आला: वारा फार आहे, आज फोन नको. इकडे मेहरूणच्या लॉनवर मांडव भरला होता. धुळ्यापासून भडगावपर्यंतचे दुकानदार, भरीत-पुरीच्या पंगती, आणि पहिल्या रांगेत सत्कारासाठी मुद्दाम आणलेली तिची आई. तिचा आवाज भोंग्यावर सगळ्यांना ऐकवायचा बेत होता. मी शेठजींना निरोप दाखवला.

"दोन मिनिटं बोलायचंय," ते म्हणाले. "पोहायला थोडंच सांगतोय?"

मी फोन लावला. वाजत राहिला. शेठजी माईक धरून माझ्याकडे बघत होते. समुद्र लांब होता, शेठजी समोर होते. मी पुन्हा लावला. खोटं कशाला बोलू, बटण दाबताना तिचे शब्द मला आठवत होते. मी भेकड, दुसरं काय!

तिने लगेच उचलला. भोंग्यातून आधी नुसता वारा आला, मग धापा. "आईले काय व्हयनं?"

मांडवाला वाटलं, लेक आईची विचारपूस करतेय. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेठजींनी माईक आईपुढे धरला.

"काहीच नही व्हयनं, बेटी. मी आठेच शे, खुर्चीवर."

पलीकडून पुन्हा नुसता वारा आला. तेवढ्यात तिला सगळं कळलं असावं. मग काहीतरी कडाडून मोडल्याचा आवाज आला आणि फोन बंद पडला.

आईच्या मांडीवर शाल-नारळ होतं. तिने मला हळूच विचारलं, "भाऊ, तो आवाज कसाना व्हता?"

"टाळ्यांचा, अक्का."

सहाव्या दिवशी बोट सापडली, रिकामी. डोलकाठी मोडलेली होती. वाऱ्यात बाहेर असताना कमरेला बांधायचा दोर आत केबिनमध्ये, फोनशेजारी सोडून ठेवलेला होता.

मी अजून साक्रीला जातो. दर वेळी खरं सांगायचं ठरवून जातो आणि चहा पिऊन परत येतो. अक्का माझा हात धरून बसते. म्हणते, "तुम्ही फोन कया म्हनीसन मना आवाज तिना कानवर पडना, भाऊ."