ते थांबलं म्हणून मी पळाले

ते थांबलं म्हणून मी पळाले. चालत आलं आसतं तर येवढी भ्याले नसते. कपाशीच्या ओळीत माझी दहा महिन्यांची लेक रांगत गेलती, आन् तिच्यापुढं दोन हातावर ते बिनमाणसाचं खुरपायचं गाडं गप उभं. पुढचं टोक मातीकडं वाकलेलं, दिवा लुकलुक करतोय. माझा बाप सांगायचा, बैल मधीच थांबून मान खाली घालतो तवा तो थकलेला नसतो, आंगावर यायचा आसतो.

त्या दिवशी सकाळी आमी चौघी बाया, माझी सासू धरून, घाटनांदूरकडच्या एका मालकाच्या रानात खुरपायला गेलतो. शेतीच्या कालेजातल्या एक म्याडम ते गाडं चालवून बघाया आलत्या, आसतील माझ्याच वयाच्या. गाडं गुडघ्यायेवढं, चार चाकं, पुढं काळ्या काचंचा डोळा. त्यांनी समजून सांगितलं, ह्याला रानाचा नकाशा दिलाय, ओळीओळीनं जाईल, मधी काय आलं तर थांबंल आन् मोकळं बघून बाजूनं वाट काढंल. मी सातवीतून शाळा सोडलेली. मला थांबंल येवढंच कळलं. सासू म्हणली, "वैरण मागत न्हाई, रुसत न्हाई, आडवं गेलं की थांबतंय. आमच्या घरात आसला एक बी गडी निपजला न्हाई." बाया लई हासल्या, मी बी हासले.

लेक बांधावर लिंबाखाली निजलती. मी पाठ करून खुरपत गेले. ती कवा उठली, कवा ओळीत शिरली, काय ठावं न्हाई. मागं बघितलं तवा हे आसं.

तर मी पळाले. गाड्याच्या उजव्या आंगानं, पदर दोन्ही हातांनी पसरून, हो हो वरडत, बैल वळवावा तसं. बैल आसा वळतो आन् लांब जातो. हे बी वळलं, मला टाळून डावीकडं वळलं. आन् माझ्या वरडण्यानं भेदरलेली लेक बी डावीकडंच रांगाया लागली. म्याडमनी गाडं बंद करायचं हातातलं लाल बटण दाबलं. चाक लेकीच्या झबल्याच्या काठावर चढून थांबलं. काठ मातीत दाबलेला, लेक तिथंच आडकून रडतीय. मी काठ फाडला आन् तिला उचललं. पाय बघितले, बोटं बघितली, परत बघितली. खरचटलं बी नव्हतं.

म्याडम पळत आल्या. त्या म्हणल्या, "ताई, बाळ दिसलं होतं त्याला. म्हणून तर थांबलं. उजवीकडून मोकळी वाट होती, तिथून ते जाणार होतं. तिथं तुम्ही आलात."

"मंग मी नुसतं उभं ऱ्हायचं होतं?"

त्या हो म्हणल्या. मंग म्हणल्या, "बाळ उजवीकडं रांगलं असतं तर काय झालं असतं, ते मला पण सांगता येणार नाही."

आता ह्यातलं काय धरावं? रानात सासू त्यांच्यावर तुटून पडली, लेकरू पुढ्यात आन् आईनं नुसतं उभं का ऱ्हावं म्हणून. आन् सांजच्याला तीच सासू शेजारणीला सांगत होती की हिनंच गाडं लेकरावर घातलं. मला दोन्ही खरं वाटतं. मी न्हाई पळाले तर मी आई कशाची, आन् पळाले म्हणून तर ते तिच्याकडं वळलं.

लेकीला आता पाठीला बांधूनच खुरपते. कंबर मोडून येती, पण सोडवत न्हाई. ती समदं इसरली, तिला हासाया येतं. मीच निजंत हात पसरते, नवरा म्हणतो, कुणाला वळवतीस. बाया हो, तुमी खरं सांगा. लेकरू समोर, ते गाडं गप उभं, आन् ते कोणच्या आंगानं जाणार हे ठावं न्हाई. तुमी काय केलं आसतं?