शहागडच्या वाटेवर निनवेचा पाहुणा

जालन्याच्या स्टेशनात मीटरगेजची गाडी शिरली तेव्हा सर्गोन डब्याच्या दारात उभा राहून फलाटावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होता. पुण्यात दोन वर्षं काढल्यावर त्याला देवनागरी अक्षरं लावता येत होती, अर्थ मात्र मला विचारावा लागे. तो माझा वर्गमित्र, उत्तर इराकमधला. तिकडे इराणशी लढाई चालू होती आणि घरची पत्रं महिना महिना येत नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत रिकाम्या वसतिगृहात त्याला एकट्याला सोडून यावंसं मला वाटेना. आम्ही दोघंही वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, त्यामुळे जालन्यात कपाशीच्या संकरित बियाण्याचे प्लॉट पाहायचे आणि मग गोदावरीकाठी माझ्या सारूआत्याकडे दोन दिवस राहायचं, असा बेत ठरला.

नवीन जालन्यातून रिक्षानं एका प्लॉटवर गेलो. बायका ओळीनं वाकून एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावत होत्या. सर्गोन त्यांच्यात जाऊन उकिडवा बसला. एका बाईनं त्याचा हात धरून कसं लावायचं ते दाखवलं आणि मला विचारलं, "ह्यांच्या गावाला कापूस व्हतो का?" मी विचारून सांगितलं, होतो. "मंग माणूस आपल्यातलाच हाय," म्हणून ती पुढच्या ओळीला लागली. एवढ्या सहज त्याला आपलं म्हणणारं माणूस मला पुढच्या दोन दिवसांत फार थोड्या ठिकाणी भेटलं.

शहागडकडे निघालेल्या एस.टी.चं टायर अंबडच्या अलीकडे बसलं. "अर्धा घंटा लागंल, बिलकुल घाई करू नका," कंडक्टर म्हणाला. सर्गोन हसला. बिलकुल हा अरबी शब्द त्यांच्या बाजारातलाच होता. आम्ही बाभळीच्या सावलीत बसलो आणि मी त्याला प्रथमच त्याच्या लोकांविषयी नीट विचारलं.

तो अरब नव्हता. मराठी बायबलात ज्यांना अश्शूर म्हटलं आहे, निनवे ही ज्यांची राजधानी, त्या असीरियन लोकांचा तो वंशज. सर्गोन हे त्यांच्या एका प्राचीन राजाचं नाव.

"आमचे पूर्वज अश्शूर देवाला भजत," तो म्हणाला. "ती देवळं पडली. पुढे आम्ही ख्रिस्ती झालो, अगदी सुरुवातीच्या काळात. घरात अजून अरामी बोलतो. येशू बोलत असे तीच भाषा, आता जरा म्हातारी झालेली."

"आणि ते देवळातले जुने लोक? त्यांचं तारण झालं असेल?" माझ्या ख्रिस्ती घरात शिकवलेलाच प्रश्न मी विचारला.

"ते देवाला ठाऊक. आम्ही आमच्या मुलांना त्यांची नावं ठेवतो. आम्हाला त्यांची लाज वाटत नाही."

माझे आजोबा धोंडिबा होते. बाप्तिस्म्याच्या दिवशी मिशनच्या पाद्र्यांनी त्यांना दावीद केलं आणि आमच्या घरात ते जुनं नाव कुणी पुन्हा घेतलं नाही.

सारूआत्याची वस्ती शहागडच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. वीस-पंचवीस ख्रिस्ती घरं, शेजारी बौद्ध आणि मराठ्यांची. आत्या दारात उभी होती. "सलाम, बाबा," ती म्हणाली. (आमच्या ख्रिस्ती घरांत नमस्काराऐवजी सलाम म्हणतात.) सर्गोन चमकला आणि "श्लामा" म्हणून त्यानं हात छातीशी नेला. त्याच्या भाषेतही हाच शब्द होता. आत्यानं ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची झणझणीत आमटी) वाढली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यानं दुसरी भाकरी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवर सभा होती. बाहेरगावचे एक नामांकित उपदेशक आले होते. आत्यानं कौतुकानं आमची ओळख करून दिली, पाहुणा अश्शूरचा आहे म्हणून सांगितलं. उपदेशकांचे डोळे लकाकले. त्यांनी त्याला एक शब्दही विचारला नाही. उभ्याउभ्या हाताला धरून मंचावर नेलं, मीही मागोमाग चढलो, आणि ते ध्वनिक्षेपकावर गरजले, "बंधुभगिनींनो, हा पाहा निनवेचा माणूस! ज्यांनी देवाच्या लोकांची नगरं जाळली त्या मूर्तिपूजकांचं हे रक्त! नावसुद्धा त्या दुष्ट राजाचं. उद्या सकाळी गोदावरीत याला बाप्तिस्मा देऊ, नवं नाव देऊ, आणि हा तरेल!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर्गोननं माझ्याकडे पाहून विचारलं, "काय म्हणतात?"

मी म्हणालो, "तुझं स्वागत करतायत."

हे लिहिताना आजही माझे कान तापतात. त्या माणसाचा राग नंतर आला, आधी मी भ्यालो. पण बाप्तिस्मा हा शब्द सर्गोननं नेमका टिपला होता. "बाप्तिस्मा कुणाचा?" त्यानं विचारलं. मग मात्र मी सगळं सांगितलं, एकही शब्द न वगळता.

तो इंग्रजीत हळूहळू बोलू लागला आणि मी ध्वनिक्षेपक घेऊन मराठीत सांगत गेलो. "मी पाळण्यात होतो तेव्हाच माझा बाप्तिस्मा झाला. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी होतं. ते गाव आता नाही, सरकारनं पाडून टाकलं. माझ्या आजोबांचे चार भाऊ जीव घेऊन पळताना रस्त्यात मारले गेले, कारण ते ख्रिस्ताचं नाव सोडायला तयार नव्हते. तारणाबद्दल त्यांना विचारा. मी परीक्षेला बसलेला विद्यार्थी आहे, मला काय माहीत?"

उपदेशकांनी माझ्या हातून ध्वनिक्षेपक ओढून घेतला. "रक्तानं आणि रिवाजानं कुणी तरत नसतं! ज्यानं या मंचावर पापाची कबुली दिली नाही तो हरवलेला आहे. त्याचे बापजादेही हरवलेले आहेत!"

तेव्हा बायकांच्या बाजूनं सारूआत्या उठली.

"साहेब, एक इचारू का? माझा आज्जा मेला तवा इथं मिशनचं कुनी आल्तंच न्हाई. त्याच्या कानावर येशूचं नावच पडलं न्हाई. मंग त्यो कुठं गेला?"

"आई, देवाचं वचन कठोर आहे."

"वचन कठोर न्हाई, तुमी कठोर बोलून राह्यले," आत्या म्हणाली. "आज्जानं प्लेगात शेजाऱ्याचं लेकरू उचलून आणल्तं. सगळी दूर पळाली, त्यानं पाजलं, जगवलं. त्याला देव बराबर वळखत आसंल. आन ह्यो पावना येशूच्या भाषेत बोलतो म्हनं, त्याला आधी प्रार्थना तर करू द्या!"

उपदेशकांनी साफ नकार दिला. न तरलेल्या माणसाची प्रार्थना मंचावरून होणार नाही, असं म्हणून त्यांनी गाणं सुरू करायला सांगितलं. आत्यानं सर्गोनचा हात धरून त्याला खाली उतरवलं आणि ती घराकडे चालू लागली. तिच्यामागून आधी तिच्या सुना, मग शेजारणी, मग म्हातारे उठले. निम्मी सभा तिच्या अंगणात आली. कुंपणापलीकडून बौद्ध वस्तीतले दोघंतिघंही पाहत होते.

सर्गोननं अरामीत प्रभूची प्रार्थना म्हटली. कुणाला एक अक्षर कळलं नाही. आत्या पदर डोक्यावर घेऊन ऐकत होती. आमेन तेवढं सगळ्यांनी एकदम म्हटलं.

परतीच्या गाडीत मी त्याची माफी मागितली. "माशानं गिळलेल्या योना संदेष्ट्याची गोष्ट तुमच्याकडे सांगतात ना?" त्यानं विचारलं. "माशातून सुटल्यावर तो निनवेला इशारा द्यायला गेला, लोक पस्तावले, आणि देवानं त्यांना क्षमा केली म्हणून तो रुसून शहराबाहेर बसला. क्षमा मिळालेले ते लोक म्हणजे आम्ही. दरवर्षी आम्ही त्यासाठी तीन दिवस उपास करतो. तुमचे उपदेशक बहुधा माशापर्यंतच वाचून थांबतात."

त्याला हसू आलं, मला येईना. ज्यांनी आमच्या आजोबांकडून नाव काढून घेतलं, त्यांच्याच सुरात आमचीच माणसं आता दुसऱ्याचं नाव काढून घ्यायला निघाली होती, आणि पहिल्या क्षणी मी त्यांच्या बाजूनं खोटं बोललो होतो.

दोन महिन्यांनी त्या सभेचा छापील अहवाल पुण्याला आला. त्यात एक ओळ होती: 'अश्शूर देशातील एक मूर्तिपूजक तरुण गोदावरीतीरी प्रभूकडे आला.' मी ती सर्गोनला शब्दशः वाचून दाखवली. त्यानं पुन्हा एकदा वाचायला लावली.

"त्यांना लिही," तो म्हणाला, "की आम्ही आधीच येऊन बसलो होतो."

मी त्याच दिवशी लिहिलं. त्यांनी ते छापलं नाही. म्हणून इथे छापतो आहे.