आता हा पत्ता बदलणार नाही

भंडाऱ्याला ट्रॅव्हल्सची गाडी लागली होती आणि बाबा क्लीनरच्या मागे लागले होते. "पोरगी एकटी आहे भाऊ, तिले पुण्यात बरोब्बर उतरवजा." क्लीनर 'हो काका, हो काका' करत डिकीत बॅगा कोंबत होता. आई पदराने तोंड झाकून उभी होती, म्हणजे रडत होती. बाबा काही रडले नाहीत. खिडकीखाली येऊन म्हणाले, "खोली भेटली का पत्ता सांगजो. पूर्ण. पिनकोडसकट." बस्स. ना तब्येतीला जप, ना वेळेवर जेव. भाताच्या गिरणीत आयुष्यभर हिशेब लिहिलेल्या माणसाची माया ही अशी. मला तेव्हा रागच आला होता. गाडी हलली तेव्हा दोघं हात वर करून उभे होते, आणि मी पडदा ओढून घेतला, कारण बाजूच्या सीटवरची बाई माझ्याकडे टक लावून बघत होती.

तुम्ही जे तिकडे राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे इकडे आलात, दोघांसाठी हे लिहिते आहे. तिकडच्यांना वाटतं आम्ही इकडे मजेत आहोत. इकडच्यांना माहीत आहे, पण कोणी बोलत नाही.

बाबांना पत्त्याचं भारी कौतुक. वस्तीत कोणी विचारलं, "पोरगी कुठं असते?" तर नुसतं 'पुण्याला' म्हणून त्यांचं भागत नसे. फ्लॅट नंबर, सोसायटी, कशासमोर, कशामागे, पिनकोड, सगळं घडाघडा म्हणून दाखवायचे. आमच्या वस्तीतून इंजिनीअर होऊन बाहेर पडलेली मी पहिली मुलगी. ती हवेत नाही, एका ठरावीक जागी राहते, हे त्यांना लोकांच्या कानावर घालायचं असे. पण त्यांचा पत्ता पाठ होतो न होतो तोच मी दुसरा सांगायचे. पुण्यात भाडेकरूचं आयुष्य अकरा महिन्यांचं. करार संपला की मालकाला भाडं वाढवायचं असतं, नाहीतर त्याचा पुतण्या तरी लग्न करून येणार असतो. इतके पुतणे लग्न करून आले, तरी त्यातला एकही मला कधी दिसला नाही. मी कर्वेनगरला नुसती कॉट भाड्याने घेऊन राहिले, मग वारज्यात, मग कोथरूडच्या टोकाला, मग पुन्हा वारज्यात. दर वेळी फोनवर बाबा म्हणत, "थांब, लिहून घेतो," आणि मग जरा दमल्यासारखे, "हा कितीवा वं?"

बँकेचं कार्ड जुन्या घरी, आयकराचं पाकीट त्याच्याही आधीच्या घरी, असं चालायचं. पण खरा त्रास तो नव्हता. आमचं आडनाव पुण्यात पटकन कळत नाही. भंडाऱ्यात उच्चारायचा अवकाश, समोरच्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. इकडे मात्र "विदर्भातलं वाटतं?" एवढ्यावर भागतं. मी हो म्हणायचे आणि गप्प बसायचे. ह्या गप्प बसण्याला मी प्रायव्हसी म्हणत असे. शब्द चांगला आहे, आमच्या कंपनीच्या ट्रेनिंगमध्येही होता.

वारज्याच्या दुसऱ्या घराच्या मालकीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या. बोलणं कसं, अगदी अहो-जाहो, तोलूनमापून. माझं टपाल त्या जिन्यात न ठेवता स्वतः वर आणून द्यायच्या. बाबांनी माझ्या नावाने धम्माच्या एका मासिकाची वर्गणी भरली होती. पहिला अंक आला तेव्हा बाईंनी तो वेष्टनातून काढून, चाळून, परत घालून आणून दिला. म्हणाल्या, "तुमचं मासिक आलंय हं." मग जरा थांबून, "म्हणजे तुम्ही... असं होय. बरं बरं. चांगलं असतं वाचलेलं." आवाज तितकाच गोड. त्या दिवसापासून मात्र दारात उभं राहून बोलायच्या, आत यायच्या नाहीत. महिन्याभरात त्यांचाही पुतण्या लग्न करून येणार असल्याचं कळलं.

मी रडले वगैरे नाही. संताप संताप झाला नुसता. ऑफिसात टेस्टिंगच्या टीममध्ये एक मैत्रीण होती, तिचा भाऊ घरातूनच धंदा करायचा. ती म्हणाली, "अगं, व्हर्च्युअल ॲड्रेस घे ना. कशाला कोणाच्या हातात आपलं टपाल द्यायचं?" मग मी बसून सगळं बघितलं. एक कंपनी फक्त धंदेवाल्यांना पत्ता द्यायची. दुसरी आठवड्यातून एकदा गठ्ठा पाठवायची, पण पाठवणार कुठे, तर पुन्हा कुठल्यातरी मालकीणबाईंकडेच. तिसरी मला पटली. पत्र आलं की पाकिटाचा फोटो मोबाइलवर येणार. उघडायचं का, स्कॅन करायचं का, फाडून टाकायचं का, हे आपण बोटाने सांगायचं. घर कितीही बदला, पत्ता एकच. बाणेर रस्त्यावरच्या एका व्यापारी संकुलात त्यांचं ऑफिस होतं. ओळखपत्र द्यायला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने भिंतभर लावलेले पत्र्याचे कप्पे दाखवले. त्यातला एक माझा. "मॅम, कप्प्याचा नंबर युनिट नंबरसारखाच लिहायचा," ती म्हणाली. "वाचणाऱ्याला कळतही नाही की हे घर नाहीये." मला फार आवडलं ते. त्या दिवशी मी स्वतःला एक महागडी कॉफीसुद्धा पाजली.

रात्री घरी फोन केला. म्हटलं, "बाबा, आता नवीन पत्ता घ्या. सगळं टपाल इथेच पाठवा. आणि आता हा पत्ता बदलणार नाही."

पलीकडून नुसतं, "बदलणार नाही?"

"नाही. कायमचा."

"बरं झालं, बाई," बाबा म्हणाले. आवाज जरा चमत्कारिक वाटला, पण लाइन खराब असेल म्हणून मी सोडून दिलं.

आता मला सांगा, ज्या माणसाने मुलीचा पत्ता दर अकरा महिन्यांनी खोडून नवा लिहिला, त्याला 'आता बदलणार नाही' ह्याचा दुसरा कोणता अर्थ कळणार? वर्ष गेलं, पत्ता तोच. दुसरं गेलं, तरी तोच. मधल्या काळात मी दोनदा घर बदललं, पण ते सांगायची गरजच पडली नाही, कारण टपाल तर येतच होतं. तिकडे बाबांनी आईला आणि आईने वस्तीला सांगून टाकलं होतं की पोरीने पुण्यात घर घेतलं. आपल्याला सांगत नाही, कारण घरभरणीचा खर्च आपल्यावर पडू नये असं तिला वाटतं. पोरगी पहिल्यापासून समजूतदार!

आमच्याकडे नवीन घर झालं की भंतेजींना बोलावून परित्राण पाठ करतात. पाण्याचा कलश, पांढरा धागा, आणि घरात बुद्धमूर्ती ठेवायची. ती आईवडिलांनी आणलेली असली तर फारच चांगलं. बाबा नागपूरहून मूर्ती घेऊन आले. चांगली हातभर उंच, संगमरवरी. आणि मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून न सांगता दोघं रेल्वेत बसले.

मी हिंजवडीला मीटिंगमध्ये होते. काउंटरवरच्या मुलीचा फोन आला. "मॅम, तुमच्याकडे व्हिजिटर आलेत. आपल्या प्लॅनमध्ये व्हिजिटर नाहीयेत, फक्त मेल आहे." मला वाटलं कुरिअरवाला असेल. ती म्हणाली, "नाही मॅम, आई-बाबा आहेत तुमचे."

कशी पोचले मला आठवत नाही. बाबा काचेच्या दाराच्या आत एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, मूर्ती मांडीवर, शालीत गुंडाळलेली. आई बाजूला उभी. तिच्या हातात वाटेत सांडू नये म्हणून धरलेला चिवड्याचा डबा. रिक्षावाल्याने त्यांना अगदी बरोबर जागी सोडलं होतं. पत्ता चुकला नव्हताच ना! बाबांनी सुरक्षारक्षकाला म्हणे तीनतीनदा विचारलं, पोरगी कोणत्या मजल्यावर राहते. शेवटी तो वैतागला. "आजोबा, इथे माणसं राहत नाहीत. पत्रं राहतात." पुणेरी माणूस, त्याला वाटलं आपण विनोद केला.

मी आत गेले तेव्हा बाबा त्या कप्प्यांकडे बघत होते. मला बघून उठले. "यातला कोणता वं तुहा?" एवढंच विचारलं. मी बोट दाखवलं. त्यांनी जवळ जाऊन नंबर वाचला, मान हलवली, जणू हिशेब जुळला. त्यांनी मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मेले असते मी शरमेने तिथल्या तिथे, पण मेले नाही. मीच म्हणाले, "चला, घरी जाऊ."

घर म्हणजे खडकीला दोन मुलींबरोबर घेतलेला फ्लॅट. मालक वरच्याच मजल्यावर. पाहुणे रात्री राहणार नाहीत, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, अशी त्यांची कलमं. मुली बिचाऱ्या चांगल्या, त्यांनी पटापट पसारा आवरला, चहा टाकला. आई पलंगाच्या कडेवर बसली. बाबा मूर्ती घेऊन खोलीभर बघत होते. कपाटावर माझ्या सुटकेस, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल, टेबलावर तिघींचे लॅपटॉप. मी टेबल रिकामं करायला लागले. "ठेवा बाबा, इथे ठेवा."

बाबा म्हणाले, "हा मालक आपल्याले ओळखते का?"

त्यांना काय विचारायचं होतं ते मला बरोब्बर कळलं. मी म्हटलं, "नाही."

"सांगतलं नाही?"

"त्यांनी विचारलं नाही."

बाबांनी शालीची गाठ पुन्हा घट्ट केली. "मंग राहू दे. तुले त्रास नको. घर झालं का आणून देईन." आईने तोंड फिरवलं. एवढ्यात मालक डोकावून गेलेच, "पाहुणे वाटतं? संध्याकाळपर्यंत ना?" बाबा उठून हात जोडून म्हणाले, "हो साहेब, आजच जातो." आयुष्यात कोणापुढे न वाकलेला माझा बाप, माझ्या खोलीत, माझ्यासाठी, त्या माणसाला साहेब म्हणाला. हे मी विसरू शकत नाही आणि मला विसरायचंही नाही. मूर्ती परत गेली. स्टेशनवर तिचं ओझं मी घ्यायला गेले तर बाबांनी दिली नाही.

ह्यानंतर मी घरासाठी जिवाचं रान केलं. पण माझी नोकरी कंत्राटाची. प्रोजेक्ट संपला की आम्ही घरी, पुढचा मिळेपर्यंत बाकावर. बँका अशा माणसाला चहा देतात, कर्ज देत नाहीत. मी हिंजवडीपलीकडे, पार डोंगराच्या पोटात जाऊन सॅम्पल फ्लॅट बघितले, तिथल्या खोट्या पलंगांवर बसले. कुठेच जमलं नाही. आणि बाबा तेवढे थांबले नाहीत. एका सकाळी अंगणात दात घासताना खाली बसले ते उठलेच नाहीत.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती जमली होती. जेवणं झाल्यावर शेजारच्या शेवंतामावशी माझ्याजवळ येऊन बसल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "एक बरं झालं बाई. तुहं पुण्याचं घर पाहून आला माणूस. किती खूश होता! खाली लिफ्ट आहे म्हणे, काचेचं दार आहे, आपोआप उघडते. दारावर राखणदार. फरशी तं अशी का तोंड दिसावं." बाकीच्याही बाया माना हलवत होत्या. सगळ्यांना पाठ होतं.

मी आईकडे बघितलं. आई भांडी गोळा करत होती, तिने वर पाहिलं नाही. बाबांनी एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. लिफ्ट होती, काचेचं दार होतं, फरशीही तशीच. ते फक्त मधल्या प्लास्टिकच्या खुर्चीबद्दल बोलले नव्हते, आणि खडकीबद्दल. बापरे, किती वेळा सांगावं लागलं असेल त्यांना! कोणी कोणी काय काय विचारलं असेल! मी मागच्या खोलीत जाऊन उशी तोंडावर दाबून ओरडले.

रात्री आईला म्हटलं, "तू चल माझ्याबरोबर. मी वेगळी खोली घेते, आपण दोघी राहू. इथे एकटी कशी राहशील?" तिला साखरेचा त्रास, एका डोळ्याने कमी दिसतं. मी हट्टच धरला.

आई मूर्तीपुढचा दिवा सारखा करत होती. ती मूर्ती आता आमच्या भंडाऱ्याच्या दोन खोल्यांत आहे. म्हणाली, "मी आली का मांगून कोणी ना कोणी येईनच, पोरी. शेवंता तं येईनच. मंग त्यायनं सांगतलेलं सारं खोटं ठरंल. जल्मात खोटं नाही बोलला तो माणूस. मेल्यावर खोटा पाडू का त्याले?"

"मग तू अशीच राहणार? एकटी?"

"काय होते मले? राहीन. घर झालं का ये न्यायले."

तेव्हापासून किती वेळा विचारलं, उत्तर तेच. आई तिकडे एकटी राहते, इन्सुलिन शेजारची सून टोचून देते. मी इकडे आणखी दोन घरं बदलली. त्या कप्प्याचं नूतनीकरण मात्र दर वर्षी न चुकता करते. प्रायव्हसी गेली खड्ड्यात, पण तो पत्ता सोडला तर आईला वस्तीत नवा सांगावा लागेल. मी काहीतरी मिळवायला घराबाहेर पडले होते. मिळालं ते एवढंच, की माझी आई माझ्याकडे येऊ शकत नाही. मी घर घेईन की नाही, मला खरंच माहीत नाही. आईला तेवढा वेळ आहे असंही आता वाटत नाही.

संध्याकाळी ऑफिस सुटलं की फोन करते. कधी बोलता बोलता तिचा आवाज एकदम चढतो, तेव्हा समजायचं की दारात कोणीतरी बाई येऊन बसली आहे. मग आई त्या बाईला ऐकू जाईल असं, खणखणीत विचारते, "पोहोचली का वं घरी?" मी कुठल्यातरी सिग्नलला बसमध्ये लटकत असते.

"हो आई," मी म्हणते. "आत्ताच पोचले."