हुपरीच्या काकी आणि बागेचे पाणी

निवृत्तीनंतर प्रथमच लेखणी हाती घेणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षिकेने कुणाचे चित्र रेखाटावे, हे धाडसच आहे. वाचकांनी ते पोटात घालावे. पण आमच्या हुपरीच्या काकींनी वापरलेले पाणी कधीही तडक ओतून दिले नाही, हे कुणीतरी लिहायला हवे. आणि दुसऱ्या कुणी लिहिलेले मला सोसणार नाही.

काकींचा जन्म हुपरीत, चांदीच्या पैंजणांच्या कामात गेला. तिथे दागिने धुतलेले पाणी फेकत नाहीत; तळाशी चांदीचा बारीक कीस बसतो. कसबा बावड्यात आमच्या शेजारी राहायला आल्यावरही त्या भाजी धुतलेले पाणी निवळू देत, बादलीत डोकावत आणि मगच कुंडीत घालत. जिन्यात भेटणाऱ्या अनोळखी माणसालाही ‘पावणं’ म्हणून थांबवत. तो थांबेही. माझ्यासाठी कुणी थांबल्याचे मला आठवत नाही.

एका उन्हाळ्यात पिण्याचे पाणी इमारतीच्या बागेला घालणे बंद झाले आणि बाग मोडून तिथे गाड्या लावण्याचा विषय निघाला. आमच्याच इमारतीचे सांडपाणी शुद्ध होऊन गटारात जात होते. ते बागेला द्यावे, असे मी कितीदा तरी सुचवले होते. रहिवाशांच्या बैठकीत कुणी विचारले, त्या पाण्याची फुलं देवाला कशी वाहायची? प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन मी उभी राहिले. पहिला आकडा शोधत पाने उलटत राहिले.

तोवर काकींनी बादली पुढे सरकवली. तेच शुद्ध केलेले पाणी आणि त्यात आदल्या दिवसापासून बुडवलेले त्यांचे पैंजण. “घाण पाण्यात चांदी काळी पडती. काढा की भायेर.”

पैंजण लखलखीत निघाले. बाग वाचली. चांदीला जंतूंतले काही कळत नाही. ते माझ्या अहवालात होते. टाळ्या काकींना मिळाल्या.

जिन्यात त्यांनी माझा हात धरला. “बाई, तुमचं समदं खरं हाय. पर लोकांस्नी डोळ्यानं दिसाय पायजे.” टाळ्यांपेक्षा ही माया पचवणे मला अधिक जड गेले.

आता काकी मुलाकडे हुपरीला परतल्या आहेत. बागेची नळी तुंबली की मंडळी त्यांना फोन लावतात. मी इथेच, पहिल्या मजल्यावर असते. परवा जाई पिवळी पडू लागली, तेव्हा मीही नकळत त्यांचाच नंबर फिरवला. पलीकडून “बोला बाई” ऐकताच मला इतके बरे का वाटावे, तुम्ही सांगाल का?