बांधावरचं पिवळं गवत

आमच्या गटात आठ घरं, हातकणंगल्याच्या बाजूची, सगळी ऊसवाली. एकाच गुऱ्हाळात गूळ करतो आणि पाकिटावर सेंद्रियचं चिन्ह लावून विकतो. ते चिन्ह मिळतं आमच्याच शब्दावर. गटातल्यांनी एकमेकांची रानं फिरून तपासायची, तक्ता भरायचा, सह्या करायच्या. वरचं कार्यालय तो तक्ता बघून दाखला देतं. तक्ते माझ्याकडे असतात, कारण कागद जागेवर ठेवणारी मी एकटीच.

यंदा माझ्या चुलत दिरांचं रान तपासायला आम्ही तिघं गेलो. सोप्यात सतरंजी, पोहे, चहा. माझ्याबरोबरचे दोघे मांडी घालून बसले आणि तिथंच तक्ता भरायला लागले. "शेजाऱ्याचं औषध उडून येतंय का? न्हाय. लिवा न्हाय." जावई आल्यासारखा थाट. मी उठले.

"वैनी, उन्हाचं कुठं निघालासा? बसा की," दीर म्हणाले.

रान घरामागंच. ऊस हिरवागार आणि बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळा, जळालेला.

"भावजी, तणनाशक मारलंय."

"बांधावर मारलंय की. रानात कुठं मारलंय?"

"बांध कुणाचा?"

"माझाच. पण बांधाचा गूळ करतोय व्हय मी?"

मागून आलेले दोघे हसले. पाऊस झाला की बांधावरचं पाणी उसाच्या सरीतच उतरतं, हे जन्मभर शेती केलेल्या माणसांना मी सांगायचं?

"एवढ्यासाठी भावकीत वाकडं कशाला?" त्यांतला एक म्हणाला. "फुडच्या वर्षी न्हाई मारत ते."

मी तक्त्यात 'तणनाशक वापरले' लिहिलं, कुठे तेही लिहिलं आणि सही केली. म्हणजे यंदा त्यांचा ऊस आमच्या गुऱ्हाळात येणार नाही.

दीर चिडले. "गेल्या साली बी मारलंतं. तवा तुमीच सही केलीसा की."

घरी येऊन गेल्या वर्षीचा तक्ता काढला. 'बांध: पाहिला.' अक्षर माझंच. बांध मी पाहिलाच नव्हता. त्या उसाचा रस आमच्या रसाबरोबर एकाच काहिलीत आटला होता, आणि ती पाकिटं लोकांनी विश्वासानं घेऊन संपवलीसुद्धा.

त्याच दुपारी कार्यालयाला पत्र लिहिलं. दाखला आठही घरांचा जाईल, हे मला माहीत आहे. दिरांचा राग अजून गेलेला नाही. पण खोटी सही करणाऱ्यांत पहिलं नाव मी माझं घातलं.