यमुनाकाकूंचा अंगठा

मंडळींनो, आज दुपारी हिंगणघाटला जे झालं ते लगेच लिहून वाचनालयाच्या भिंतीवर लावते आहे.

माझ्या शेजारच्या यमुनाकाकूंचा हात कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रात सापडला होता. तीन आठवड्यांनी कारखान्यानं बोलावलं, म्हणून मी सोबत गेले. कारकुनानं इंग्रजी कागद पुढे केला. "कामावर परत घ्याचा कागद आहे बाई. इथं अंगठा लाव."

काकूंनी अंगठ्याला शाई लावलीसुद्धा. मी म्हटलं, "थांबा काकू, मले पाहू द्या."

"तुले इंग्रजी येते काय?" कारकून हसला.

येत नाही. पण एक शब्द ओळखीचा निघाला, व्हॉलंटरीली. रविवारच्या वाचनाला आपण इथं वाचनालयात पेपरातल्या खटल्यावर भांडत होतो, आरोपीनं जबाब आपखुशीनं दिला की मारून घेतला म्हणून. तेव्हा वाचन घेणाऱ्या मास्तरांनी 'आपखुशीनं'साठी तोच इंग्रजी शब्द फळ्यावर खडूनं लिहून दाखवला होता.

मी विचारलं, "काकू आपखुशीनं काय करून राह्यल्या, ते सांगा. कामावर येऊन राह्यल्या का काम सोडून राह्यल्या?"

कारकुनानं कागद मागं ओढला. मग हळूच म्हणाला, "काम सोडल्याचंच साहेबानं लिहिलं, मी काय करू?"

काकूंनी अंगठा पदराला पुसला. "मी काम सोडत नाई. तसं लिहा, मंग अंगठा देईन."

स्वराज्य येऊन आठ वर्षं झाली, तरी आपल्या पोटापाण्याचा कागद इंग्रजीतच येतो. आता रविवारचा एकही शब्द मी सुटू देणार नाही.

उद्या दहा वाजता साहेबांनी बोलावलं आहे. आम्ही दोघी जाणारच. तुमच्यापैकी कोण कोण येता?